‘लक्ष देत नाही’ म्हणण्याआधी

रायपूरमध्ये पीएचडी करताना मी संध्याकाळी वस्तीतल्या नववी-दहावीच्या मुलांचा अभ्यास घेते. शाळेकडून तक्रार एकच येते: ‘ध्यान नहीं देते’. हीच मुलं माझ्यासमोर एका गणितावर तासभर भांडत बसतात.

एका मुलीनं कारण सांगितलं. शिष्यवृत्तीचे कागद गोळा करायचे होते. सर वर्गात म्हणाले, ‘एससीवाले खड़े हो जाओ.’ ती उभी राहिली. त्याच तासाला पुढे बीजगणित झालं. ‘दीदी, काय शिकवलं काहीच आठवत नाही. मागे कोण हसतंय तेच ऐकत होते.’

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. मग काही गटांत मुलाचं नाव, बापाचं, आजोबाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली. दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. त्यांचा निबंध 2006 साली प्रसिद्ध झाला. आपल्या शाळा हा प्रयोग दरवर्षी करतात, फक्त निकाल कुणी मोजत नाही.

आपल्यापैकी किती जण असे उभे राहिलो आहोत? तेव्हा ‘याचं डोकं चालत नाही’ हा शेराही आपल्याच वाट्याला आला.

एकाग्रतेसाठी प्राणायाम, मोबाईलबंदी, पहिला बाक असे उपाय सुचवले जातात. मी स्वतः वीस मिनिटं काम, पाच मिनिटं गप्पा असं करते, उपयोग होतो. भुकेचंही आहेच. केंद्राची मध्यान्ह भोजन योजना आठवीपर्यंतच, म्हणजे वाढीच्या वयात नववीतलं पोर रिकाम्या पोटी शेवटच्या तासाला बसतं. पण ज्याचे कान मागच्या बाकाकडे लागलेत, त्याला श्वास मोजायला सांगून काय होणार?

शिक्षक म्हणतील, यादी तर लागतेच. लागते, पण जात प्रवेशाच्या रजिस्टरात आधीच लिहिलेली असते. त्यासाठी पोराला उभं करायची गरज नाही.

पुढच्या आठवड्यात दोन आयांबरोबर मी मुख्याध्यापकांना भेटणार आहे. मागणी एवढीच: फॉर्म ऑफिसात घ्या, एकेकाला बोलावून, तास चालू नसताना.