पुढच्या चाकांचं दुखणं

वहिनींचा फोन थेट विषयावर आला. ‘भावजी, तुमच्या पुतण्याला गाडीची चाकं बदलायचीत. चांगली धड चाकं आहेत हो! घाटात गाडी हातातून सुटली तर? तुम्ही शिकवणारे, तुमचं ऐकेल.’

मी अर्थशास्त्र शिकवतो. चाकांतलं मला पंक्चरपुरतंच कळतं. पण गणपतीला पुतण्या बंगळूरहून आला, तेव्हा आरती आटोपल्यावर विषय काढला आणि दोन दिवस त्यातच गेले.

त्याची गाडी बीएमडब्ल्यू ३३०आय, एफ-३० म्हणतात त्या पिढीतली. वापरलेली घेतली आहे. २५२ अश्वशक्ती, आणि सगळा जोर मागच्या चाकांवर. १८ इंची चाकांना कारखान्यातूनच पुढे २२५ आणि मागे २५५ मिलिमीटर रुंदीचे टायर आलेले. ‘वळणावर नाक बाहेर जातं, काका,’ हे त्याचं दुखणं. स्टिअरिंग वळवलं तरी वेगात गाडी थोडी सरळच जाऊ पाहते. म्हणून पुढेही २५५ घालायचे, आणि त्यासाठी आठ इंच रुंदीची रिम काढून नऊची बसवायची.

यात बिघडलं काय, असं मलाही आधी वाटलं. टायर रुंद, म्हणजे रस्त्याला जास्त रबर लागणार. पण तसं नसतं. गाडीचं वजन टायरमधल्या हवेनं पेललेलं असतं. वजन तेच, हवेचा दाब तोच, तर रस्त्याला टेकणारा भागही साधारण तेवढाच राहतो, पोस्टकार्डाहून थोडा मोठा. रुंद टायरमध्ये तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो, इतकंच. अशा आडव्या भागाला वळणावर पकड चांगली मिळते, पुतण्या म्हणतो ते खोटं नाही. पण साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो, कारण बाजूला सारायचं पाणी वाढतं. आमच्या चोर्ला घाटात जून ते सप्टेंबर रस्ता आणि ओढा यांत फरक किती असतो, हे गोव्याला जाणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरं म्हणजे, पुढे अरुंद टायर काही कंजूषपणानं दिलेले नव्हते. नाक बाहेर जायला लागलं की घाबरलेला माणूस पाय उचलतो. पाय उचलला की वजन पुढे येतं आणि नाक पुन्हा वळतं. चूक आपोआप सावरते. पुढची पकड वाढवली की हा क्रम उलटू शकतो, आधी शेपूट सुटते. आणि सुटलेली शेपूट सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

पुतण्या गप्प बसणारा नव्हे. म्हणाला, ‘मग ऑडीनं आरएस३ला कारखान्यातूनच पुढचे टायर जास्त रुंद का दिले?’ खरं आहे. २०११च्या आरएस३ला पुढे २३५ आणि मागे २२५ होते. २०२१मध्ये आलेल्या पिढीला पुढे २६५, मागे २४५ मिळू लागले. पण तिचं पाच सिलिंडरचं इंजिन नाकातच बसवलेलं. पुढची चाकं ते वजनही पेलतात आणि ओढायचं कामही करतात. तिची गरज वेगळी. हे मला रात्री बारापर्यंत वाचून कळलं. वर्गात सांगितलं तर पोरं हसतील.

दुसऱ्या दिवशी खानापूर रोडवरच्या एका टायरवाल्याकडे गेलो. मिस्त्री चाकाशेजारी उकिडवा बसला, टायर आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, ‘दोड्डदु हाकबहुदु सर, आदरे जागा एल्लिदे?’ बेळगावात हा प्रश्न पार्किंगपासून फ्लॅटपर्यंत सगळ्यालाच लागू आहे, तो भाग वेगळा.

आठाची रिम नऊ झाली की २५ मिलिमीटर वाढतात. ते आत जाणार की बाहेर, हे रिमवरच्या ‘ईटी’च्या आकड्यावर ठरतं. आकडा मोठा तर चाक आत, छोटा तर बाहेर. आत गेलं की शॉकला घासायचं, बाहेर आलं की मडगार्डला, तेही चार माणसं बसून खड्डा लागला की. मध्ये स्पेसर घालून बाहेर काढू, असं पुतण्या म्हणाला. मिस्त्रीनं हात हलवला. मग प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग हिसका देतं आणि बेअरिंगवर भार वाढतो.

टायरवरचे आकडेही त्यानंच उलगडून दिले. २२५/४५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, सुमारे १०१ मिलिमीटर. २५५ला ४० घेतलं तर १०२, म्हणजे चाकाची उंची जवळपास तीच राहिली. पण ४५च ठेवलं तर अख्खं चाक २७ मिलिमीटरनं उंच होतं. मला हा हिशेब भलताच आवडला. पुतण्याला मुळीच नाही, कारण तो त्याला आधीच येत होता. शॉकपाशी किती जागा आहे, एवढंच त्यानं मोजलं नव्हतं.

शेवटी सौदा ठरला. नऊची रिम रद्द. चारही चाकांना साडेआठची रिम आणि २४५/४०चे टायर. पुढचे वीस मिलिमीटरनं वाढले, मागचे दहानं घटले. चारही सारखे, म्हणजे पुढचे मागे फिरवून झीज समान ठेवता येते. गाडीत मोठा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आडवं येतं, म्हणून आधी विमा कंपनीला पत्र. आणि हे सगळं दसऱ्यानंतर, पाऊस गेल्यावर.

दिवाळीत त्याच गाडीतून चोर्ल्यानं फोंड्याला गेलो. वहिनी मागे बसल्या होत्या. वळणांवर नाक खरंच बरं वळत होतं; उखडलेल्या रस्त्यावर मात्र स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जास्त चाळवत होतं, हे पुतण्यानंही कबूल केलं. वहिनींनी साखळी येईपर्यंत वरचं हँडल सोडलं नाही. उतरल्यावर म्हणाल्या, ‘मला तर काहीच फरक कळला नाही.’

जुनी चार चाकं माझ्या व्हरांड्यात आहेत. जूनमध्ये परत बसवायची, असं त्यानं आईला वचन दिलंय. तोवर माझी स्कूटर उन्हात.