शेवटचे बटण नातवासाठी

कळमनुरीच्या एका आजीबाईंचा चार वर्षांचा नातू उजव्या हाताची मूठ सहसा उघडत नाही. सदरा घालायचा तर आजी, घास भरवायचा तरी आजी. हिंगोलीला तपासणीच्या वेळी ‘व्यवसायोपचार’ हा शब्द कानी पडला आणि त्या चकित झाल्या. “एवढ्याशा लेकराला कसला आलाय व्यवसाय?”

प्रश्न रास्त आहे. येथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे, तर माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो ती सारी कामे. आणि बालकाचे मुख्य काम खेळ. या शास्त्राचे शिक्षण आपल्याकडे १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले.

उपचारातला खेळ नेमका निवडलेला असतो. झाकण घट्ट बसलेला डबा दिला, की एक हात झाकणाशी झटत असता दुसऱ्या, अशक्त हाताला डबा धरावाच लागतो. कणकेचा गोळा दाबताना मूठ मिटते, उघडते. तुरीच्या शेंगा सोलणेही उत्तम. मात्र दाणे नाकातोंडात जातात, म्हणून जवळून हलू नये. बसताना तळपाय टेकलेले असावेत, नाहीतर मुलाची सारी शक्ती तोल सांभाळण्यातच जाते.

सदऱ्याचे काम उलट्या क्रमाने शिकवावे. अशक्त हात बाहीत आधी घालावा, काढताना शेवटी (अर्धांगवायू झालेल्या आजोबांसाठीही हाच नियम). बटणे आपण लावावीत. शेवटचे तेवढे काजातून अर्धे काढून ठेवावे आणि ओढण्याचे काम नातवावर सोडावे. काम पुरे केल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ते जमले, की त्याआधीची पायरी. या गोष्टी सकाळच्या घाईत साधत नाहीत. निवांत दुपार लागते, आणि ती घरात बहुधा आजी-आजोबांपाशीच असते.

वर्षाच्या आतले मूल एकच हात पुढे करू लागले, तर “डावखुरा दिसतो” म्हणून हसण्यावारी नेऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. पथक येईल त्या दिवशी आजीने स्वतः सोबत जावे. मूल काय करते, कुठे अडते, हे तिच्याइतके बारकाईने दुसरे कोण सांगणार?