सुईणीच्या अर्जांतील शोककथा

प्रसाविकाशास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण घेऊं पाहणाऱ्या परिचारिकेस शिष्यवृत्ति हवी असेल, तर गुणपत्रकें व प्रशस्तिपत्रें यांच्या जोडीस तिला एक निबंध लिहावा लागतो. या व्यवसायाकडे आपण कां वळलां, प्रेरणा कोठून मिळाली, नेतृत्व केव्हां दाखविलें, असे प्रश्न त्यासाठीं घातलेले असतात. वरवर पाहतां ते अगदीं निरुपद्रवी वाटतात. परंतु ज्या विद्येसाठीं ते विचारले जातात, त्या विद्येचाच ते उपमर्द करितात, असें आमचें मत झालें आहे. आणि तें आम्ही येथें स्पष्टपणें मांडणार आहों.

हें आम्ही दुरून बोलत नाहीं. एका धर्मादाय संस्थेच्या निवडसमितीवर बसून असे निबंध आम्हीं कांहीं वर्षें वाचले व त्यांस गुण दिले. बहुतेकांची घडण एकच असे. पावसाळ्याची रात्र, आडबाजूचा पाडा, वाटेंत फुगलेला ओढा, बंद पडलेली जीप, रक्तानें भिजलेलें लुगडें, आणि अर्ज करणारीच्या डोळ्यांदेखत प्राण सोडणारी विशीच्या आंतली एक बाळंतीण. ‘त्याच क्षणीं मीं निश्चय केला’ हें त्यापुढचें वाक्य ठरलेलें. मरणारीचें कधीं कधीं नांवहि दिलेलें असे. गांवाचें नांव तर बहुधा असेच.

अशा रात्री या देशांत येत नाहींत, असें कोण म्हणेल? २०१८ ते २०२० या काळासाठीं सरकारी नमुना-नोंदणीनें काढलेलें मातामृत्यूचें प्रमाण एक लक्ष जिवंत जन्मांमागें देशांत ९७ आणि महाराष्ट्रांत ३३ होतें. पूर्वीच्या मानानें हे आंकडे उतरलेले आहेत. तरी त्यांतील एक एक म्हणजे एक एक उघडें पडलेलें घर होय. आमचा आक्षेप निराळा आहे. त्या बाईचें मरण हें येथें अर्जाचें भांडवल झालें. तिनें त्यास संमति दिली नव्हती. देणें शक्यहि नव्हतें. जिवंतपणीं तिच्या अंगावरचें पांघरूण सावरणें हा प्रसाविकेचा पहिला धर्म. मग मेल्यावर तिला परक्या समितीच्या टेबलावर उघडी मांडावयाची, हा कोणता धर्म?

परंतु याहून मोठा दोष प्रश्नाच्या मुळाशींच आहे. चांगली प्रसाविका काय करिते? कळा सुरू झालेल्या बाईजवळ ती बसते. दर अर्ध्या तासानें पोटांतील बाळाच्या हृदयाचे ठोके मोजून ते मिनिटास ११० ते १६० यांच्या दरम्यान आहेत ना, हें पाहते. गर्भाशयाचें मुख किती उघडलें, बाळाचें डोकें किती खालीं आलें, याच्या खुणा ती आलेखावर करिते आणि रेघ रेंगाळूं लागली कीं वेळेवर डॉक्टरास बोलाविते. बाळ जन्मतांच मिनिटाच्या आंत ऑक्सिटोसिनचें दहा एककांचें इंजेक्शन देते. वार पडल्यावर ती पुरी आहे कीं नाहीं हें तपासते, आणि गर्भाशय घट्ट आवळलेलें आहे ना, हें पोटावर हात ठेवून पुनःपुन्हां चांचपते. सकाळीं बाई चहा घेते, मूल अंगावर पितें. रात्रीं काय घडलें म्हणून विचाराल, तर कांहींच घडलें नाहीं. ज्या विद्येचें यश कांहीं न घडण्यांत आहे, त्या विद्येच्या उमेदवारास ‘काय घडलें तें सांगा’ असें विचारावयाचें, म्हणजे तिला तिच्या अपयशाच्याच रात्रीकडे पिटाळावयाचें.

या कांहीं न घडण्याचें मोल सरकारासहि उमगलें आहे. स्वाभाविक प्रसूति आपल्या जबाबदारीवर पार पाडणाऱ्या प्रसाविकांचा वर्ग अठरा महिन्यांचें शिक्षण देऊन तयार करावा, असें २०१८ सालच्या भारत सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलें आहे. शिष्यवृत्तीच्या समित्यांस मात्र अद्यापि पराक्रम हवा असतो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसारख्या मोठ्या योजनेंत नेतृत्वावर निराळा निबंध मागितलेला आढळतो. मुत्सद्द्यास तो शोभेल. पण प्रसूतिगृहांत प्रसवणारी बाई ही पुढें, आणि प्रसाविका तिच्या मागें असते. केव्हां हात घालूं नये, हें जाणण्यांत तिचें अर्धें कौशल्य आहे. त्याची फुशारकी कशी मारावी?

आतां आमच्याच एका अपराधाची हकीकत सांगतों. एका वर्षीं तालुक्याच्या रुग्णालयांतील एका परिचारिकेचा अर्ज आमच्यापुढें आला. अकरा वर्षें ती प्रसूतिगृहांत काम करीत होती. तिनें लिहिलें होतें कीं, प्रसूतींत फाटलेली जागा शिवणें तिला येतें. पण फाटणें गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत पोंचलें आहे कीं नाहीं, हें आपल्या बोटांस दर वेळीं खात्रीनें कळतें असें तिला वाटत नाहीं. तिला तें कोणीं नीट शिकविलेंच नव्हतें. शिवून घरीं पाठविलेल्या कांहीं बायका पुढें मलमूत्राचा ताबा सुटल्यामुळें चारचौघींत बसेनाशा झाल्या, आणि लाजेनें कोणास बोलल्याहि नाहींत, असें तिला मागाहून समजलें. तें ओळखावयास शिकणें व परत येऊन इतर परिचारिकांस शिकविणें, एवढेंच तिचें मागणें होतें. निबंधांत पाऊस नव्हता, ओढा नव्हता, कोणी मेलेंहि नव्हतें. ‘प्रेरणेचा उल्लेख नाहीं, स्वतःच्या कौशल्याविषयीं आत्मविश्वास कमी’ असा शेरा समितीनें मारला. त्या शेऱ्याखालीं आमचीहि सही आहे. शिष्यवृत्ति पावसाळी रात्रीला मिळाली.

ती रात्र लिहिणाऱ्या मुलीस आम्ही दोष देत नाहीं. आम्हीं मागितलें तें तिनें दिलें. आतां तर पैसे घेऊन असे निबंध लिहून देणारे आहेत, आणि संगणकांतील यंत्र तर मागाल तेवढा पाऊस क्षणांत पाडून देतें. शोककथा यंत्रास सहज साधते. टांका घालतांना आपल्या बोटास काय जाणवलें नाहीं, हें मात्र तें यंत्र आपण होऊन सांगणार नाहीं. तें त्या बोटाच्या धनिणीनेंच सांगावें लागतें.

कोणी म्हणेल, तळमळ पाहूं नये काय? अवश्य पाहावी, पण ती कोठें दिसते, तें समजून पाहावी. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून पत्र लिहिलें. दहा दिवसांचें मूल गमावल्याचें दुःख त्यांच्या पदरीं होतें. पण पत्राचा जोर त्यांनीं दिला तो देशभगिनींच्या गरजेवर: पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षां या बायका मरण पत्करितात, यास्तव त्यांस स्त्री वैद्य हवी. स्वतःच्या निर्धाराचाहि उल्लेख त्यांत आहे. आणि प्रवेशाच्या सर्व अटी आपणांस पुऱ्या करितां येत नाहींत, ही कबुलीहि त्याच पत्रांत आहे. महाविद्यालयानें त्यांस घेतलें. १८८६ सालीं त्या पदवीधर झाल्या, तेव्हां त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हाच होता. आमच्या समितीपुढें तें पत्र आलें असतें, तर अटी पुऱ्या न होण्याच्या कबुलीवर आम्हीं लाल पेन्सिलीची रेघ ओढली असती, अशी भीति वाटते.

मग विचारावें काय? आमच्या मतें तीन प्रश्न पुरेत. कांहींहि विशेष न घडलेल्या एका प्रसूतीची, बाईची ओळख न पटेल अशा रीतीनें, पहिल्या कळेपासून शेवटपर्यंत हकीकत लिहा. आज आपण करितां त्यांपैकीं कोणतें काम आपणांस नीट येत नाहीं असें वाटतें, तें सांगा. आणि परत आल्यावर आपण कोणत्या प्रसूतिगृहांत उभ्या राहणार, तेथें आपल्यासाठीं जागा आहे काय, तें लिहा. या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां अर्ज करणारीच्या हातीं नसतें, सरकारच्या हातीं असतें. म्हणूनच तो विचारला गेला पाहिजे. पदव्युत्तर शिक्षण घेतलेली परिचारिका प्रसूतिगृह सोडून वर्गांतच अडकून पडत असेल, तर तिच्या निबंधांतील पाड्याचें वर्णन कोणाच्या उपयोगाचें?

त्या तालुक्याच्या परिचारिकेनें आमच्याकडे पुन्हां अर्ज केला नाहीं. तिचीं बोटें अजूनहि संशयानेंच टांके घालीत असतील. त्या संशयाचें उत्तर शिकण्याची सोय तिला करून देणें हें आमचें काम होतें, आणि आम्हीं तिला आत्मविश्वासाचे गुण कमी दिले.