ओल्या हाताचा रोध

कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्यांची लगबग अंधारातच सुरू होते. भाड्याच्या खोल्यांत गिझर क्वचितच असतो. बादली, तिच्या काठाला अडकवलेला पाणी तापवायचा रॉड आणि बोर्डातून ओढलेली वायर, एवढ्यावर हिवाळा निघतो. पाणी तापले का, हे बघायला बोट बुडवले जाते. नेमका त्याच क्षणी नववीत शिकलेला एक नियम लागू होतो.

जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने तो १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो, आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती. मुले ही उदाहरणे सोडवतात, गुण मिळवतात आणि विसरतात. यात मुलांचा दोष कमीच. उदाहरणातला रोध बल्बचा असतो, इस्त्रीचा असतो. माणसाच्या शरीराचा बहुधा नसतो.

आधी रॉडचेच गणित करू. रॉडवर १५०० वॅट, २३० व्होल्ट असे लिहिलेले असते. १५०० ला २३० ने भागले की धारा साडेसहा अँपिअर. २३० ला साडेसहाने भागले की रॉडचा रोध साधारण ३५ ओहम. पहाटे सगळ्या खोल्यांत एकदम रॉड लागले आणि रांगेच्या टोकाच्या खोलीत दाब, समजा, १८० व्होल्टवर आला, तर रोध तोच राहतो आणि धारा घटते. शक्ती मात्र दोन्हीकडून मार खाते आणि सुमारे ९२० वॅटवर येते. वीस लिटरची बादली तीस अंशांनी तापवायला एरवी २८ मिनिटे लागली असती, तिथे पाऊण तास लागतो. मग माणूस रॉड लावून इतर कामाला लागतो, मध्येच येऊन पुन्हा बोट बुडवतो. रॉडचे आवरण चिरलेले असेल, तर पाण्यात वीज उतरलेली असते.

आता शरीराचे गणित. कोरड्या कातडीचा रोध हजारो, कधी लाखभर ओहम असतो. हात ओला, पाय अनवाणी आणि फरशीवर पाणी असेल, तर तो हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. पन्नासच्या पुढची धारा सेकंदभर छातीतून गेली, तर हृदयाची लय बिघडू शकते. दाब १८० व्होल्ट असला तरी १८० मिलिअँपिअर उरतातच. कमी दाबाने पाणी तापायला उशीर होतो, जीव वाचण्याची हमी मिळत नाही.

‘एमसीबी आहे ना’, हे उत्तर घरमालकही देतात आणि भाडेकरूही. पण १६ अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. पाव अँपिअरसुद्धा नसलेली, माणसातून जाणारी धारा तिच्या हिशेबी दखल घेण्याजोगीच नाही.

अर्थिंगबद्दलचा भरवसाही जरा तपासून पाहावा. मुरमाड, उन्हाळ्यात वाळलेल्या जमिनीत अर्थिंगचा रोध २० ओहम निघाला, तर दोष आल्यावर तिथून २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअरच जातील. १६ ची एमसीबी तरीही पडणार नाही आणि पत्र्याचे दार किंवा कपडे वाळत घालायची तार जिवंतच राहील. अर्थिंग हवेच, पण एकटे पुरत नाही.

माणसासाठी असलेले उपकरण वेगळे आहे. ते आरसीसीबी. जाणारी आणि परतणारी धारा ते सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअर वाट चुकले की क्षणार्धात पुरवठा तोडते. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही, पण रॉड, कूलर, पाण्याची मोटर यांचे बहुतेक अपघात जमिनीकडे वाट काढणाऱ्या धारेचेच असतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही गळती पकडणाऱ्या उपकरणाची तरतूद आहे. दहा खोल्यांना दहा सबमीटर लावून युनिटमागे पैसे घेणाऱ्या मालकाने खोलीगणिक आरसीसीबी लावू नये, याला खर्चाची सबब चालणार नाही. खोलीगणिक म्हणण्याला कारण आहे. सगळ्यांना मिळून एकच लावली की एका खोलीच्या दोषाने दहा खोल्या अंधारात जातात, आणि मग कोणीतरी वायरमनला बोलावून ती बाजूला काढून टाकतो. वीजजोडणी देताना किंवा ग्रामपंचायतीने बांधकामाची नोंद घेताना याची विचारणा झाली, तर कागदावरचा नियम भिंतीवर यायला मदत होईल.

तोवर भाडेकरूच्या हातात दोन गोष्टी आहेत. पाण्याला हात लावण्याआधी स्विच बंद करून प्लग काढायचा. आणि आरसीसीबी असेल, तर तिच्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबायचे. ते दाबून वीज गेली नाही, तर आतले यंत्र निकामी झाले आहे.

कोणी चिकटलेला दिसला, तर त्याला हाताने ओढू नये. ओढणाऱ्याचा हातही बहुधा ओलाच असतो. आधी मेन स्विच बंद, मग १०८ ला फोन. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब देत राहावे.