गुणपत्रिकेची सीमा

निपाणी कर्नाटकात, तिला खेटून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. अंतर ते किती? परंतु कर्नाटकातून पी.यू.सी. उत्तीर्ण झालेला निपाणीचा मुलगा पदवीसाठी ही वाट चालू लागला, की तो परराज्यातील उमेदवार ठरतो आणि स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र असे कागद गोळा करीत हिंडू लागतो.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे नव्हे. ज्या ८६५ गावांवर त्याने दावा सांगितला आहे, तेथील मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. पण तेथेही गाव वादग्रस्त सीमाभागात असल्याचा दाखला हवा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला निराळा! ज्या मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर प्रथम भाषा म्हणून मराठीच छापलेली आहे, त्याच्याकडून आणखी कोणती साक्ष काढावयाची आहे?

युरोपीय राष्ट्रांनी १९९७ साली लिस्बन येथे केलेल्या करारात एक साधे तत्त्व मान्य केले. परदेशी शालान्त प्रमाणपत्र आपल्या प्रमाणपत्राहून मूलतः भिन्न असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेची, विद्यार्थ्याची नव्हे. दोन महायुद्धांत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या देशांना जे साधले, ते एकाच संघराज्यातील शेजारी राज्यांना साधू नये याचे आम्हास वैषम्य वाटते. आपल्याकडे सारा भार सतरा-अठरा वर्षांच्या पोरावर आणि त्याच्या बापाच्या बुडालेल्या रोजगारावर!

गोमंतकीयांना ही गोष्ट परकी वाटू नये. पोर्तुगीज आमदानीत आमची मुले घाट चढून बेळगाव-धारवाडला शिकावयास जात. १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते. तेथे दिलेली परीक्षा पुण्यामुंबईस चालते काय, असे कोणी विचारीत नसे. सीमा हलली, मुलांचे गणित आणि विज्ञान काही हलले नाही.

सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याच्या निकालाशी या कागदांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. कर्नाटकाची परीक्षा महाराष्ट्रातील बारावीशी समकक्ष आहे हे विद्यापीठांनी एकदा ठरवून जाहीर करावे आणि पडताळणी परस्पर मंडळाकडून करून घ्यावी. मातृभाषेसाठी गुणपत्रिका हाच पुरावा मानावा. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही; एक परिपत्रक पुरते. ते येत्या प्रवेशाचे अर्ज सुटण्यापूर्वी निघावे.