घर विकताना एकच सही

घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात दाखल झाला की पोटगी किती, मुले कोणाकडे, स्त्रीधन परत मिळणार की नाही, यांची चर्चा वकिलाच्या कचेरीत पहिल्या दिवसापासून सुरू होते. राहत्या घराचे काय, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो, आणि तो विचारण्याची वेळ येते तेव्हा घर विकले गेलेले असते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदवून झालेला असतो, खरेदीदाराने कुलूप बदललेले असते, आणि ज्या बाईने त्या घरात वीस वर्षे संसार केला तिला ही वार्ता शेजाऱ्यांकडून कळते. असे व्यवहार कायद्याला चुकवून होतात अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. ते कायद्याच्या चौकटीत राहूनही होऊ शकतात, आणि म्हणूनच त्यांविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला, त्या वेळी बीड निजामाच्या राज्यात होते. जातीजातींतील काडीमोडाची रूढी सोडली तर आमच्याकडे ती वाट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेच खुली झाली. त्या कायद्याचे २७ वे कलम मालमत्तेविषयी आहे. परंतु लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या समाईक मालकीच्या वस्तूंपुरतेच ते बोलते. पुढे संसारात उभे राहिलेले घर त्या कलमात बसत नाही. रुखवतातल्या भांड्यांची आठवण ठेवणाऱ्या कायद्याला भिंतींची आठवण राहिली नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याचा अर्थ काय होतो, हे बीड जिल्ह्याइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणारे मजूर मुकादमाच्या वहीत माणशी मोजले जात नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल जोडप्याच्या नावावर मिळते, फडात मोळ्या दोघे बांधतात, पहाटेची भाकर करून ती बाई त्याच्याबरोबर तोडीला उभी राहते. पाच-सहा महिन्यांनी परत आल्यावर उचलीतून आणि मजुरीतून जे उरते त्यातून गावाकडे पत्र्याचे घर उभे राहते, पुढे कधी त्यावर स्लॅब पडतो. कामाच्या वहीत ती अर्धा कोयता असते. घराच्या नोंदीत मात्र तिचे नाव नसले तर कोणाला नवल वाटत नाही. संसार मोडला की तो घर विकू शकतो, आणि ज्या श्रमातून ते झाले त्याची पावती तिच्यापाशी नसते.

हा खेड्यातल्या अडाणीपणाचा प्रश्न आहे असे समजून शहरातील सुशिक्षित वाचकांनी निश्चिंत राहू नये. पती-पत्नी दोघेही शिक्षक, दोघांचे पगार येणार, पतसंस्थेचे कर्ज दोघांच्या सहीने काढलेले, प्लॉट मात्र एकट्याच्या नावे, अशी घरे बीड, अंबाजोगाई, परळी या गावांत शोधावी लागत नाहीत. हप्ता तो भरतो आणि किराणा, दूध, मुलांची फी तिच्या पगारातून जाते, ही विभागणी संसार सुरळीत असेपर्यंत सोयीची असते. न्यायालयात मात्र हप्त्याची पावती बोलते, किराण्याची चिठ्ठी बोलत नाही.

कायद्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने, स्त्री कोणत्याही धर्माची असो, तिला सामाईक निवासात राहण्याचा हक्क दिला, आणि ते घर विकण्यास मनाई करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास दिला. परंतु २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेच घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असेल तर हा हक्क लागत नाही असा अर्थ लावला, आणि घर आईच्या किंवा वडिलांच्या नावे आहे एवढे सांगून सुटण्याची वाट खुली झाली. अमरावतीच्या एका प्रकरणात सासूच्या नावे असलेल्या घरातून सुनेने बाहेर पडावे असा आदेश झाला होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ साली, या कायद्याखाली सासरच्या स्त्रियांविरुद्धही तक्रार चालते, असे ठरले. २००६ चा मूळ अर्थ चुकीचा ठरवण्यासाठी मात्र ऑक्टोबर २०२० उजाडावा लागला. घर सासऱ्याचे असले तरी ते सामाईक निवास ठरू शकते, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेव्हा सांगितले. मधल्या चौदा वर्षांत ज्या घराबाहेर पडल्या त्यांना या निकालाचा उपयोग नाही.

शिवाय राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. मनाईचा आदेश मागावा लागतो, आणि मागण्यासाठी विक्री होणार आहे हे आधी कळावे लागते. खरेदीदाराचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी. या नोटिसा आमच्यासह सर्वच दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक टायपात छापल्या जातात. माहेरी परत गेलेली बाई रोज सकाळी त्या वाचीत असेल, ही कल्पना आम्हांला तरी करवत नाही.

शेजारच्या गोव्यात हा प्रश्न या स्वरूपात उभाच राहत नाही. पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या तेथील पद्धतीनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक होते, आणि स्थावर विकायची तर दस्तावर दोघांच्या सह्या लागतात. इंग्लंडमध्ये घर एकट्या पतीच्या नावे असले तरी पत्नीला आपला राहण्याचा हक्क नोंदवून ठेवण्याची सोय १९६७ च्या कायद्याने झाली; खरेदीदाराला ती नोंद आधीच दिसते. आपल्याकडे २००३ साली राज्य शासनाने ‘घर दोघांचे’ हा निर्णय घेतला आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये पती-पत्नी दोघांची नावे लावण्यास सांगितले. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्विवाद पुरावा नव्हे. तथापि गावात घर घेणारा पहिल्याने तीच पाहतो, हे लक्षात घेता हा निर्णय मोलाचा होता. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने त्याआधीच, चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर, लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांना आपण होऊन जमीन बायकोच्या नावे करायला लावली होती. संसदेत मात्र काम अर्धवट राहिले. पतीच्या स्थावर मालमत्तेचा विचार करून पत्नीला वाटा देणारे विधेयक राज्यसभेने २०१३ साली संमत केले, लोकसभेत ते झाले नाही आणि २०१४ साली रद्दबातल झाले.

वडिलांनी शेत विकून बांधलेल्या घरावर सुनेचा हक्क का, असा प्रश्न आम्हांला विचारला जाईल. तो गैरवाजवी नाही. २०२० च्या निकालानेही हा हक्क अमर्याद मानलेला नाही. वृद्धांना आपल्या घरात शांततेने जगता यावे याचाही विचार करण्यास सांगितले आहे. घर विकूच नये असाही आमचा आग्रह नाही. दोन बिऱ्हाडे झाल्यावर कर्जाचा हप्ता एकालाही पेलत नाही, अशा वेळी घर विकून कर्ज फेडणे आणि उरलेले वाटून घेणे हाच शहाणपणा असतो. पण तो व्यवहार दोघांच्या सह्यांनी, वाजवी भावाने आणि रक्कम कशी वाटायची हे लेखी ठरवून व्हावा. दाव्याची तारीख टळण्याआधी घाईने, मिळेल त्या किमतीत केलेल्या विक्रीत नवऱ्याचेही नुकसान होते, आणि खरेदीदाराच्या पदरी घराबरोबर एक दावाही पडतो.

राहत्या घराच्या विक्रीच्या दस्तावर पती किंवा पत्नी यांपैकी दुसऱ्याची लेखी संमती असल्याखेरीज दस्त नोंदवू नये, असा बदल राज्य शासनाने करावा. घटस्फोटाच्या अर्जाबरोबर राहत्या घराचे विवरण जोडणे सक्तीचे व्हावे, आणि अंतरिम पोटगीच्या अर्जासोबतच घराविषयीचा आदेशही व्हावा. यांस वेळ लागेल. ‘घर दोघांचे’ या निर्णयाला मात्र नवा कायदा लागत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या वेळी ऊसतोडीची बहुतेक जोडपी अजून गावातच असतात. त्या दिवशी प्रत्येक ग्रामसेवकाने नमुना आठ सभेत वाचून दाखवावा, कोणत्या घरावर एकच नाव आहे ते सांगावे, आणि दुसऱ्या नावाचे अर्ज कोयते निघण्यापूर्वी तेथेच भरून घ्यावेत. हा आदेश काढणे बीड जिल्हा परिषदेच्या हातात आहे.