बिनसर : शिखरं बघायची तर सकाळी लवकर निघा

दिवाळीच्या सुट्टीत हिमालय बघायचाय, पण मोठा ट्रेक झेपणार नाही? मग उत्तराखंडातल्या बिनसरला जा. अल्मोड्यापासून साधारण ३० किलोमीटरवरच्या या अभयारण्यात ओक आणि बुरांसच्या झाडीतून एक पायवाट ‘झिरो पॉइंट’पर्यंत जाते. चढ बेताचा आहे. चालायची सवय असलेले आजी-आजोबाही थांबत थांबत पोहोचतील. वरून त्रिशूळ, पंचचुली आणि ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी दिसते. मात्र सकाळी लवकर निघा. ऊन चढलं की शिखरं अनेकदा ढगांआड जातात.

अभयारण्यातल्या गावांकडेही पायवाटा जातात. तिथल्या होमस्टेमध्ये राहा, वाटाड्या गावातलाच घ्या. वाट चुकत नाही आणि तुमचा पैसा गावातच राहतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. चीडच्या जंगलात सुईसारख्या सुक्या पानांचा थर साचतो आणि तो पटकन पेटतो. जून २०२४ मध्ये इथला वणवा विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचा जीव गेला. म्हणून सिगारेट, काडेपेटी, शेकोटी जंगलात नकोच. मुलांनाही निघण्यापूर्वीच हे समजावून सांगा.